चहाचं पहिलं पाणी
चहापत्तीवर गरम पाणी पडून वास सुटला की मला तो ऑनलाइन तास आठवतो. दुष्काळ होता, शेंद्र्याकडच्या आमच्या नव्या वसाहतीत नळच नव्हते, टँकरच्या रांगेतूनच आम्ही शाळा गाठायचो. चीनहून मँडरिन शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर चहा केला आणि पत्ती धुतलेलं पहिलं पाणी फेकायला वाडग्यात काढलं. माझ्या शेजारची मुलगी उठली. “चांगलं पाणी कामून फेकता, बाई?” “खाली बस,” वर्गात मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका दबक्या आवाजात म्हणाल्या; चिनी बाई दुखावल्या तर तास बंद होईल, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. पडद्यावरच्या बाईंनी शेजारी बसलेल्या मला तिच्या प्रश्नाचा अर्थ विचारला. मोडक्या मँडरिनमध्ये मी तिचा प्रश्न आणि आमचा दुष्काळ सांगून टाकला. बाईंनी वाडगा उचलला आणि ते पाणी पिऊन टाकलं. आता मीही पत्ती धुते, पण ते पाणी मोरीत ओतायला माझा हात होत नाही.