किल्ली कुणाकडं असते?

“काळे, फुलंब्रीचा आकडा चुकलाय. नीट करून घ्या आणि पाठवून टाका.”

गव्हाणे साहेबांनी प्रिंटआउट माझ्याकडं सरकवला. ते आमच्या जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. मी त्यांच्या ऑफिसात आकडेवारीचं काम बघतो. शाळांत काय आहे, काय नाही, याची टोटल मारायची आणि वर पाठवायची. लग्नात पानं मोजणाऱ्याला असतो तेवढाच मान आम्हाला. सगळं पुरलं तर कुणी विचारत नाही, कमी पडलं की मात्र सगळे शोधत येतात.

त्या दिवशीचं काम दिल्लीचं होतं. संसदेत एका खासदारांनी प्रश्न टाकला होता: मराठवाड्यातल्या किती सरकारी शाळांत मुलींसाठी वापरात असलेलं स्वच्छतागृह आहे? प्रश्न तारांकित होता. म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, आणि त्यावर लगेच उपप्रश्नही येणार. त्यामुळं अशा प्रश्नाला सगळेच वचकून असतात. दिल्ली मुंबईला विचारते, मुंबई पुण्याला, पुणं आम्हाला, आणि आम्ही तालुक्यांना. वाटेत प्रत्येक जण थोडा वेळ स्वतःकडं ठेवून घेतो, म्हणून आमच्यापर्यंत येताना मेलवर ‘अतितातडीचे, आज सायंकाळपर्यंत’ असं लिहिलेलं असतं.

अशा उत्तरांचा एक रिवाज आहे, तो कुठल्याही जीआरमध्ये सापडायचा नाही. मागच्या वेळचं उत्तर काढायचं. आकडा तोच ठेवायचा, फार तर जरासा वर न्यायचा. खाली मात्र न्यायचा नाही. खाली गेला की वरचे विचारतात, मागच्या वेळी होतं ते गेलं कुठं? बाकीच्या तालुक्यांनी रिवाज पाळला होता. सगळ्या शाळांत स्वच्छतागृह, सगळी वापरात. एकट्या फुलंब्रीचा आकडा धाडकन खाली आला होता.

मी साळवे मॅडमना फोन लावला. त्या फुलंब्रीच्या गटशिक्षणाधिकारी, तालुक्यातल्या सगळ्या शाळा त्यांच्याकडं.

“मॅडम, तुमचा आकडा चुकला वाटतं.”

“चुकला नाही, काळे सर. विचारून लिहिलाय.”

“मागच्या वेळी तर सगळी वापरात होती.”

“मागच्या वेळी मी इथं नव्हते.”

“अहो, संध्याकाळपर्यंत द्यायचंय. माझी सगळी टोटल बिघडते.”

“टोटलचं काय एवढं? ती परत मारता येते.”

मला राग आला. साळवे मॅडम आवाज चढवत नाहीत, त्यामुळं त्यांच्याशी धड भांडताही येत नाही. मी साहेबांना सांगितलं, साहेबांनी मॅडमना बोलावून घेतलं. फुलंब्री काही लांब नाही. थोड्या वेळात त्या समोरच्या खुर्चीत होत्या.

“साहेब, डोंगराकडच्या एका वाडीवर आठवीपर्यंतची शाळा आहे,” त्यांनी सरळ सुरुवात केली. “सातवी-आठवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात, त्या परत येत नाहीत. शाळेत त्यांना जायला जागा नाही. स्वच्छतागृह आहे, पण पाणी नाही, दाराला कडी नाही. आईबाप म्हणायला लागलेत, अर्ध्या दिवसाच्या शाळेसाठी कशाला पाठवायचं? या वर्षी काही झालं नाही, तर या मुली नववीचं तोंड बघणार नाहीत.”

“मग दुरुस्ती मागा ना.”

“मागितली. वरून उत्तर आलं, आपल्या तालुक्यातील सर्व स्वच्छतागृहे वापरात असल्याने मागणी मान्य करता येत नाही. आपलाच आकडा आपल्याला आडवा आला, साहेब. आज तोच परत संसदेत गेला, तर मी पुन्हा कुठल्या तोंडानं मागू?”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाकीचे सगळे तालुके वापरात आहे म्हणतात. तुमच्याच तालुक्याला काय झालं?”

“त्यांना ‘वापरात आहे का?’ असं विचारलंय. त्याला कुणीही हो म्हणतं. मी दुसरंच विचारते. तुम्ही म्हणाल त्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना लावू का फोन?”

मी मुद्दाम दुसऱ्या टोकाच्या तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांचा नंबर दिला. चांगला माणूस. त्यांची शाळा स्वच्छतेच्या तपासणीत कायम पुढं. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला.

“नमस्कार गुरुजी, फुलंब्रीहून गटशिक्षणाधिकारी साळवे बोलते. तुमच्याकडं मुलींचं टॉयलेट आहे ना?”

“हाय की मॅडम! एकदम चकाचक. टाइल्स बसवल्यात.”

“अरे वा. किल्ली कुणाकडं असते?”

“माझ्यापाशीच. दुसऱ्याच्या हातात नाय देत मी.”

“का हो?”

“पोरी लई घाण करत्यात. तपासणीला साहेब लोक आले की खोलतो. तुम्ही कधी बी या मॅडम, नवंकोरं दिसंल.”

“मग मुली कुठं जातात?”

“जातेत की... घरला, नायतर शेताकडं. सवय हाय त्यांना.”

मॅडमनी आभार मानून फोन ठेवला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी खिडकीबाहेर.

गुरुजी खोटं बोलले नव्हते, हे मुद्दाम सांगतो. तपासणीत स्वच्छतेला मार्क असतात, आणि कुणी वापरलंच नाही तर ते स्वच्छ राहणारच. म्हणून जेवढा मुख्याध्यापक कर्तबगार, तेवढं कुलूप मोठं. आम्ही वर बसून त्या कुलपांना ‘वापरात’ म्हणून मोजत होतो. मॅडमनी एका साध्या प्रश्नात ते बाहेर काढलं. माझा मघाचा राग कुठल्या कुठं गेला. इतकी वर्षं मी रकाने जुळवतोय, पण असा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि तो ज्यांना सुचला त्या समोर बसून शांतपणे पाणी पीत होत्या.

“मॅडम, हा आकडा गेला तर मला खुलासा मागतील,” साहेब म्हणाले. खुलासा म्हणजे लेखी कारण द्यायचं. सर्व्हिसमध्ये तो डाग समजतात. “मागचं उत्तर माझ्याच सहीनं गेलंय.”

“हो साहेब,” मॅडम म्हणाल्या. एवढंच. पुढं भाषण केलं नाही, मुलींची नावं घेऊन डोळ्यांत पाणी आणलं नाही.

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत बसले. मला वाटलं, आता म्हणतील, यावेळी जुनाच आकडा जाऊ द्या, पुढच्या वेळी बघू. आमच्या खात्यात पुढची वेळ फार लोकप्रिय आहे.

“काळे,” ते म्हणाले, “दोन कॉलम करा. पहिल्यात बांधलेली किती. दुसऱ्यात शाळेच्या वेळेत उघडी आणि पाणी असलेली किती. सगळ्या तालुक्यांना परत विचारा. मॅडमच्या पद्धतीनंच विचारा.”

“साहेब, पण संध्याकाळची डेडलाइन...”

“ती मी बघतो.”

त्यांनी आमच्यासमोरच पुण्याला फोन लावला. पलीकडचा आवाज टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता. साहेब म्हणत होते, “हो सर. बाकीच्यांचं आलंय, मान्य आहे सर. उद्या सकाळी नक्की. नाही, तालुक्यांची चूक नाही. माझ्याकडूनच नीट विचारलं गेलं नाही.” चूक वरून खाली ढकलणारे साहेब मी पोत्यानं पाहिलेत. हाताखालच्या दोघांसमोर ती स्वतःच्या खिशात घालणारा पहिल्यांदाच बघितला. त्या क्षणी मला त्या माणसाचा खरोखर अभिमान वाटला.

मग आम्ही सगळे फोनला बसलो. आठ-दहा शाळांमागं एक केंद्रप्रमुख असतो, त्यांना गाठलं. उत्तरं ऐकण्यासारखी होती. “किल्ली शिपायाकडं, अन् शिपाई रजेवर.” “सरपंचाच्या घरी ऱ्हाती.” “टॉयलेटात पोषण आहाराची पोती ठेवलीत, तुम्हीच सांगा कुठं ठेवू?” एक जण ओशाळून म्हणाला, “किल्ली हरवली सर, म्हणून कुलूप तोडलं. तवापासून पोरी जातेत तिथं.” ती शाळा आम्ही आनंदानं दुसऱ्या कॉलममध्ये घातली.

सकाळी उत्तर गेलं. संसदेत ते पटलावर आलं तेव्हा आमचा जिल्हा यादीत तळाला होता. इथल्या पेपरांनी झोडपायचं तेवढं झोडपलं. साहेबांना खुलासा आला. त्यांनी दोन वाक्यं लिहिली: मागील आकडा बांधकामाचा होता. हा वापराचा आहे. शेजारच्या जिल्ह्यातला माझा मित्र रोज फोन करून चिडवायचा, “काय काळे, तळाला बरं वाटतंय ना?”

काही महिन्यांनी दुरुस्तीचा आणि पाण्याचा फंड आला. वाटप झालं ते त्याच उत्तरावरून. ज्यांचं सगळं वापरात होतं, त्यांना काहीच लागत नव्हतं, त्यामुळं काही मिळालंही नाही. त्या दिवशी मित्राचा आवाज जरा मऊ होता. “ती तुझी दोन कॉलमची शीट पाठव ना यार.”

पाठवली. आमच्या धंद्यातला धडा एवढाच आहे. पोट भरलंय असं लिहून दिलं की ताट उचलून नेतात. भूक असेल तर भूक लिहावी.

परवा साळवे मॅडमबरोबर त्या वाडीवर गेलो होतो. मुद्दाम मधली सुट्टी संपल्यावर पोचलो. आठवीच्या वर्गात मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या, दोघी-तिघी तर खाली सतरंजीवर. मुख्याध्यापक कपाळाला आठ्या घालून बाहेर आले.

“मॅडम, लईच अडचण झाली बघा. पहिलं दुपारी वर्ग रिकामा असायचा. आता पोरी घरीच जाईनात. बाकं पुरंनात!”

मॅडम हसल्या. त्या फुलंब्रीला आल्यापासून त्यांना इतकं खुलून हसताना मी पाहिलं नव्हतं.

“मग बाकांचा आकडा पाठवा, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “आणि मोडकी धरू नका.”