मखराचं पोट

शनिवारी दुपारी मिस्त्रीचा फोन आला. "मॅडम, भिंतीले पोट आलं."

मी मंगरूळपीरच्या साइटवर स्लॅबचं स्टील तपासत होते. कुठली भिंत, हे विचारायची गरज नव्हती. पोट येऊ शकेल अशी भिंत माझ्याकडे एकच होती, केनवडची. सोमवारी मी आल्याशिवाय तिच्यात काँक्रीट टाकायचं नाही, असं मी स्वतः बजावून आले होते. बजावलेलं पाळायची पद्धत आमच्या धंद्यात अजून यायची आहे.

घर विठ्ठलरावांचं. त्यांचा मोठा मुलगा अक्षय शेती करतो, म्हणजे लग्नाच्या बाजारात सगळ्यात मागच्या रांगेत उभा आहे. हल्ली मुलीकडचे आधी घर पाहतात, मग जमीन, आणि वेळ उरलाच तर मुलगा. दोन ठिकाणचे लोक जुनं टिनाचं घर पाहून चहा न घेता परतले होते. म्हणून नवं घर. आणि मे महिन्यात आत बसवेल असं घर हवं, म्हणून अक्षयने मोबाइलवर ही पद्धत शोधून काढली: आयसीएफ.

प्रकार सोपा आहे. विटांऐवजी थर्माकोलचे पोकळ ब्लॉक एकावर एक रचायचे. त्यांच्या दोन बाजू प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. पोकळीत सळ्या लावायच्या आणि वरून काँक्रीट भरायचं. सेंट्रिंग काढायचं नसतं, थर्माकोल तिथेच राहतं आणि ऊन बाहेर अडवतं. वरून प्लास्टर झालं की कोणाला काही कळत नाही.

पण प्लास्टर होईपर्यंत घर पांढरंशुभ्र थर्माकोलचं दिसतं. गावाने त्याला ‘मखर’ नाव ठेवलं. येणारा-जाणारा विचारायचा, गणपती कधी बसवता?

विठ्ठलराव ते हसून सोसत होते. शुक्रवारी निरोप आला की कारंज्याहून एका मुलीचे मामा रविवारी घर पाहायला येणार. मग मात्र हसू थांबलं. पाहुण्यांना रिकामं मखर दाखवायचं कसं? निदान भरलेलं दाखवू, असं ठरलं. माझ्याशिवाय ठरलं, हे ओघानेच आलं.

आता काँक्रीट भरण्याबद्दल. ओलं काँक्रीट पाण्यासारखं वागतं. जितकं उंच भराल, तितका तळाशी जोर. म्हणून ते थराथराने भरायचं. घराभोवती एक फेरी मारायची, तो थर आवळू द्यायचा, मग वरची फेरी. मिस्त्रीने शनिवारी सकाळी एकाच कोपऱ्यात उभं राहून ते खालपासून वरपर्यंत भरलं. लवकर उतरावं म्हणून पाणीही सढळ हाताने घातलं. कमरेइतक्या उंचीवरचा ब्लॉक फुटला आणि काँक्रीट बाहेर फुगून आलं. आमच्या भाषेत हा ब्लोआउट.

मी पोचले तेव्हा मिक्सर चालूच होता. तो आधी बंद केला. मग पोटावर प्लायवूड दाबून मागून बल्ल्या लावल्या. ओळंबा धरून पाहिलं, बाकी भिंत सरळ होती. उरलेल्या भिंती थरांनी भरून घेतल्या. अंधार पडता पडता काम संपलं.

पोट आलं होतं ते नेमकं समोरच्या दाराशेजारी. घराला एवढे कोपरे असताना त्याने हाच निवडावा, यात नवल नाही.

विठ्ठलराव ओट्यावर बसले होते. "गेलं जमता जमता. मॅडम, उद्या तुमी या. इंजिनियर समोर असली की वजन पडते."

रविवारी गेले. बल्ल्या आणि प्लायवूड काढून पोटावर निळी ताडपत्री सोडली होती, न सांगताही कोणाच्याही नजरेत भरेल अशी. मी बोलायचे मुद्दे क्रमाने लिहून आणले होते. पहिला मुद्दा उष्णता, शेवटचा भूकंप.

मामा धान्याचे व्यापारी. माल हातात घेतल्याशिवाय बोलत नसत. माझ्या पहिल्याच मुद्द्यावर त्यांनी भिंतीत बोट दाबलं. बोट आत गेलं. दुसऱ्या मुद्द्याला दुसऱ्या भिंतीत. मी भूकंपापर्यंत पोचले तोवर बैठकीच्या खोलीला चाळणी झाली होती.

"हे तं फ्रिजच्या खोक्यातलं हाय," मामा म्हणाले. "पोरगी यात राहीन का?"

आत काँक्रीट आहे, हे मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते अत्यंत सभ्यपणे ऐकून घेतलं आणि चपला शोधू लागले. अक्षय मान खाली घालून उभा होता. विठ्ठलराव चहाचं विचारत होते.

चपला घालताना तोल सावरायला मामांनी ताडपत्रीवर हात टेकवला. हात आत गेला नाही.

त्यांनी ताडपत्री उचलली. खाली करडं, खडबडीत, ओबडधोबड पोट. बोट दाबलं, मग मूठ आपटली. मग अंगणातला दगड उचलून दोनदा हाणला. कालच्या काँक्रीटवर असं हाणू नये, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि धंद्याला स्मरून मिटलं.

"सगळीकडं आतून असंच हाय?"

"सगळीकडे," मी म्हणाले.

मामा विठ्ठलरावांकडे वळले. "मंग काहून झाकून ठेवलं? चांगला माल झाकता अन् खोकं दाखवून राह्यले." चपला पुन्हा काढल्या आणि चहा घेतला. दोनदा घेतला.

सोयरीक जमली. उष्णतेपासून भूकंपापर्यंत माझा एकही मुद्दा कामी आला नाही. कामी आली ती मिस्त्रीची चूक, आणि तो ते गावभर सांगतो.

सोमवारी सकाळी मी त्याला छिन्नी-हातोडा घेऊन पाठवलं. काँक्रीट कच्चं आहे तोवर पोट तासून काढायचं होतं. तासाभरात विठ्ठलरावांचा फोन. "मॅडम, ते राहू द्या. लहान्याचं जमवाचं हाय अजून."

बाकी सगळ्या घराला प्लास्टर झालं. दाराशेजारचं पोट तसंच आहे. त्याच्याखाली आता चपला काढतात.

त्यानंतर या पद्धतीच्या प्रत्येक घरासाठी माझ्या यादीत एक ओळ वाढली आहे: समोरच्या दाराजवळ हातभर थर्माकोल कापून काँक्रीट उघडं ठेवणे. कारण तांत्रिक नाही.