सुईमास्तरांचं राहिलेलं मत

सुईमास्तर कुणाकडे गेले, की ‘कसे आहात’ विचारायच्या आधी डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘तुमचा पंखा सुरात आहे हं!’

तुमच्याही ओळखीत असा एखादा कानवेडा असेलच. आमचे हे मास्तर पालघरच्या एका साप्ताहिकात बातमीदार होते. मी तिथे मुद्रितं तपासायची. त्यांच्या खिशात पेनाशेजारी रेकॉर्डप्लेअरची सुई कापसात गुंडाळलेली, म्हणून हे नाव. बोईसरच्या एका कारखान्याच्या उद्घाटनाची बातमी त्यांनी आणली, तर तीत पाहुणे काय बोलले याचा पत्ताच नाही. डावीकडचा कर्णा कसा चिरकत होता ते मात्र दोन परिच्छेद! साप्ताहिकाच्या मालकांनी कपाळावर हात मारला.

मास्तरांचा खरा जीव त्यांच्या ‘तबकडी’ या सदरात. घरोघर कॅसेटी शिरल्या तरी हे दर आठवड्याला रेकॉर्डचीच आरती ओवाळायचे. ‘कॅसेट म्हणजे परवाचं कालवण. पोट भरतं, पण बोटं चाटावीशी वाटत नाहीत.’ शेवटी मालक वैतागले आणि त्यांनी पैज लावली. बोईसरच्या वाचनालयात, चादरीमागे, एकच गाणं दोन्हींवर वाजवायचं. लोकांनी हात वर करून कौल द्यायचा. रेकॉर्ड हरली तर सदर बंद.

मास्तर केळव्याला राहायचे. आदल्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड रिठ्याच्या पाण्याने धुतली, ओट्यावर सावलीत ठेवली आणि कामावर आले. शेजारच्या पारूमावशीला ते पाहवेना. तिने ती उचलून भर उन्हात, सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी ठेवली. संध्याकाळी पाहतात तर रेकॉर्डचा पापड झालेला!

‘सावलीत सुकवलं का वास लागते, मास्तर,’ मावशी म्हणाली. ‘तुमाला ठाव नाय. मी दोनदा उलटली पन.’

मास्तरांनी रेकॉर्ड उचलून तिच्यावर फुंकर मारली. ‘वाकडी असली तरी खरी आहे,’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डसकट मावशीलाही बोईसरला घेऊन आले.

चादरीमागे सुई चढायची, उतरायची, आणि गाणारी बाई हेलकावे खायची. आम्ही तोंडात पदर कोंबून हसत होतो. कॅसेटला सगळ्यांचे हात वर. रेकॉर्डला एकच, पारूमावशीचा. ‘ही बाई होडीत बसून गाते,’ तिने ठणकावलं. ‘ती दुसरी नुसतीच गाते. आमाला होडीतली पायजे!’

मास्तर चादरीमागून बाहेर आले. ‘किती?’

‘एक,’ मालक म्हणाले.

मास्तरांचा चेहरा इतका उतरला की मला राहवेना. ‘मास्तर, मी तुम्हालाच मत दिलं!’

‘अगं, मग दोन व्हायला हवी होती!’ म्हणत ते इतके हसले, की तोल सांभाळायला चादर धरली आणि चादरीसकट खाली बसले.

शेवटचं सदर त्यांनी स्वतःच्या फजितीवर लिहिलं. ते तपासताना मी हसत होते आणि रडतही होते. पुढे ते कायमचे लेकीकडे राहायला गेले, तेव्हा जाताना तीच रेकॉर्ड मला दिली. पाकिटावर लिहिलं होतं, ‘राहिलेल्या मतासाठी.’

मास्तर आता नाहीत. ती रेकॉर्ड मी अजून लावते. बाई होडीत बसून गाते, घरचे हसतात, आणि मी मुकाट्याने हात वर करते.