विनूने खाल्लेली माझी बोलणी

विनू गेला. आता खरं सांगते.

काल स्मशानातून आल्यावर आमचे हे म्हणाले, "भाऊ माझा गुणी होता. पण साफसफाईला आळशी."

तेव्हाच ठरवलं, फेसबुकवर लिहायचं. मी सातवी पास. चुका काढत बसू नका.

विनू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन ठाण्यात वर्तकनगरला आले तेव्हा तो शाळेत होता. त्याला मी कधी भाऊजी म्हटलं नाही. विनूच.

अठ्ठ्याण्णव साल असेल. वागळे इस्टेटमधली, ह्यांच्याच कंपनीतली चांगली परमनंट नोकरी सोडून हा कॉम्प्युटर जोडायला लागला. घरातच. जेवायला बसायची जागा त्याच्या वायरींनी खाल्लेली.

ह्यांचा संताप. "परमनंट नोकरी कोण सोडतं रे?"

नौपाड्यातले एक दाताचे डॉक्टर त्याचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांना असा कॉम्प्युटर हवा होता की वायर टीव्हीला लावायची आणि सीडीवरचा सिनेमा मोठा बघायचा. तेव्हा ते म्हणजे फार मोठं.

डॉक्टर म्हणाले, रविवारी येतो. पूर्ण सिनेमा बघतो. मग घेतो.

आणि ह्यांनी त्याच रविवारची मुदत दिली. फोरमनने विनूची जागा अजून भरली नव्हती. "डॉक्टर नाही म्हणाले तर सोमवारी माझ्याबरोबर गेटवर उभा राहायचं."

विनू हो म्हणाला.

आणि मशीन अडकायला लागलं.

कधी पाच मिनिटांत. कधी तासाने. कधी अख्खा सिनेमा नीट. हिरोचा हात वर गेला की वरच. माऊस हलवा, बटणं दाबा, काही नाही. बंद करून अर्धा तास ठेवलं की परत शहाण्यासारखं चालू.

हे म्हणायचे, "विन्या, हा सिनेमा आहे की फोटो?"

त्याने सीडी बदलली. रॅमची पट्टी काढून माझ्या मुलीच्या खोडरबराने घासली. विंडोज पुसून परत टाकलं. मग फ्रिजवर संशय, तो वीज ओढतो म्हणून. दोन दिवस सिनेमा चालू असला की फ्रिज बंद. माझं दूध नासलं.

पोरगा जेवेना. घास हातात आणि डोळे टीव्हीवर.

शनिवारी दुपारी मी कोळंबी सोलत बसलेली. सिनेमा चालू होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कान होते.

म्हटलं, "विनू, त्या डब्यातून दोन आवाज यायचे. एक जाड, एक बारीक. बारीकवाला आत्ता थांबला."

"काय?"

"थांबला म्हणते ना!"

थोड्या वेळात चित्र थिजलं.

त्याने झाकण काढलं. टॉर्च मारला. आत हिरव्या पाटीवर एवढासा पंखा. बोटाने ढकलला की फिरायचा, मधेच अडायचा. विनू म्हणाला, "हा थांबला की खालची चिप तापते. तापली की सगळं जाम."

माझी शिवणाची सुई घेतली आणि पंख्याच्या दांड्यावर गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं.

कापूस. कुंकवाने लाल झालेला.

मी लगेच ओळखला.

दसऱ्याला मी त्या मशीनची पूजा केलेली. आमच्या माहेरी होडी पूजल्याशिवाय पाण्यात घालत नाहीत. ह्यांच्या कंपनीतही दसऱ्याला प्रत्येक मशीनला हळदकुंकू. मग ह्याला का नको? झाकण उघडं होतं. विनू साबण आणायला खाली गेलेला. मी आतच कुंकू लावलं, फूल ठेवलं, कापसाचं वस्त्र वाहिलं. संध्याकाळी फूल आणि वस्त्र उचललं. वस्त्राचा एक धागा आत राहिला, ते मला काय माहीत!

विनूने कापसाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

गॅलरीतून ह्यांचा आवाज. "सापडलं काय?"

विनूने मूठ मिटली. "धूळ रे दादा. पंख्यात धूळ होती."

"धूळ? स्वतःचं मशीन पुसत नाहीस आणि लोकांना विकणार? आळशी माणूस!"

एकदा बोलून थांबतील ते हे कसले. पंधरा मिनिटं झापलं. विनू मान खाली घालून ऐकत होता.

मी तोंड उघडलं, "अहो, ते..."

"वहिनी, कोळंबी टाक. भूक लागलीय."

आठवड्यात पहिल्यांदा तो नीट जेवला.

रविवारी डॉक्टर बायकोला घेऊन आले. सिनेमा त्या दोघांनीच बघितला. आम्ही तिघं मशीन बघत होतो. मी स्वयंपाकघराच्या दारात, कान लावून.

दुसऱ्या सीडीत चित्र थांबलं.

हे खुर्चीतून उठले. विनूने टॉर्च उचलला. मी ट्रे घेऊन तशीच मशीनपाशी गेले, बारीक आवाज ऐकायला.

डॉक्टर म्हणाले, "मी थांबवलं हो. चहा आला ना."

मेल्याला तेव्हाच चहा सुचायचा होता!

सिनेमा शेवटपर्यंत चालला. डॉक्टर उठले आणि म्हणाले, "कधी पाठवताय?"

सोमवारी सकाळी मी एकच डबा भरला. ह्यांनी तो उचलला. चपला घातल्या, विनूच्या पाठीवर थाप मारली आणि गेले.

पुढच्या दसऱ्याला पूजेचं ताट उचलायची माझी हिंमत होईना. विनूनेच हाक मारली. "वहिनी, ये. झाकण लावलंय."

बस. एवढंच बोलला त्यावर. आयुष्यात.

अहो, तुम्ही हे वाचालच. तो कापूस माझा होता. बोलणी त्याने खाल्ली. आता त्याला आळशी म्हणू नका.

परवा दुपारी त्याच्या दुकानात बसल्या जागी गेला. कुणाला त्रास नाही दिला.

ज्यांचे कॉम्प्युटर दुकानात आहेत त्यांनी सारखे फोन करू नका. तेराव्यानंतर या. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावलीय त्याने, काय बिघडलंय तेही लिहिलंय. तीन झालेत. बाकीचे दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

जा विनू. सुखाने जा.

तुझी वहिनी