अक्कांचे कान वाजत नव्हते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या पोरांना इतकी वर्षं ऑप-अँप शिकवला त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका, मलाही नीट माहीत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो. देवपुरात नाना आणि अक्कांकडे खोली होती. नाना दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन आलेले. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज बसला तो बसलाच, आणि त्याच सुमारास अक्कांना ऐकू येईनासं झालं. घरात दोघंच. जेवताना नाना काहीतरी पुटपुटायचे आणि अक्का अंदाजानं हसायच्या. ते हसू मला बघवायचं नाही.

म्हणून मी अक्कांना ऐकण्याचं यंत्र करून दिलं. साबणाच्या डबीत बसवलं. आवाज मोठा करायला ऑप-अँपची चिप, तीही सेल लवकर संपू नयेत म्हणून कमी वीज खाणारी निवडली; सर्किट कॉलेजात हेडफोन लावून तपासलं, छान चाललं. अक्कांसाठी मात्र कानात बसणारा क्रिस्टल इअरफोन आणला — आणि तो जोडून मी काहीच तपासलं नाही. एवढी घाई कसली होती? कौतुकाची, दुसरी कसली?

नाना शेजाऱ्यांना बोलावून आले होते, पोरानं काय केलंय ते बघा म्हणून. अक्कांनी इअरफोन घातला आणि म्हणाल्या, "भाऊ, कानमा शिट्टी वाजी र्‍हायनी."

मी तो माझ्या कानात घातला. शिट्टी होती — स्वच्छ. ऑप-अँप आपलंच आउटपुट बघून आपली चूक सुधारत असतो. ती खबर त्याला उशिरा पोचली, की सुधारणा उलटी पडते आणि तो आपला आपणच बोंबलायला लागतो. किती उशीर खपेल, त्याला आम्ही फेज मार्जिन म्हणतो. क्रिस्टल इअरफोन म्हणजे एक कपॅसिटरच, वीज साठवून खबरेला उशीर लावणारा; त्यानं माझ्या सर्किटचं होतं नव्हतं ते मार्जिन खाल्लं. हे मला तिथल्या तिथे कळलं.

आणि मी — मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणालो, "अक्का, तुमचे कान वाजताहेत."

सगळे हसले. अक्काही हसल्या. नंतर त्या नानांना समजावत होत्या ते मी ऐकलं, "मनाच कान वाजतस. त्यानं मशीन बेस शे." दोष स्वतःच्या कानांना, मशीन मात्र चांगलं — माझी बाजू घेत होत्या हो त्या.

आउटपुट आणि इअरफोन यांच्यामध्ये एक छोटा रेझिस्टर, बस. माझ्या टेबलावर पडलेला होता. पण तो लावला असता तर शिट्टी थांबली असती, आणि मग कान कुणाचे वाजत होते ते उघडं पडलं असतं. मी नाही लावला. पुढे प्रोजेक्टला तेच सर्किट रेझिस्टरसकट मांडलं आणि शाबासकीही घेतली. अक्कांनी ती डबी देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. रोज पुसायच्या.

नानांच्या शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसलो होतो. अक्कांकडे बघत ते काहीतरी म्हणाले. अक्का वाकल्या, कान पार ओठांशी नेला, मग माझ्याकडे वळल्या. "काय म्हनतस?"

मी ओरडून सांगितलं, नाना म्हणाले होते तसंच — "जेवनी का तू?" अक्कांना मी कधी अगं-तुगं केलेलं नव्हतं.

अक्का हो म्हणाल्या. माझ्याकडे बघून.