बायची चूल आणि माझी

भर डिसेंबरातही बायच्या डोक्यावर पंखा गरगरत असायचा. खाली तिचं घर, वर आम्ही भाडेकरू. ऐरोली गावात तेव्हा खाडीचा वारा थेट अंगावर यायचा. मी स्वेटर घालून, कानाला रुमाल बांधून तिच्या ओट्यावर बसायचे आणि ती पदराने मान पुसत म्हणायची, "कवरी गरमी हाय गो."

सगळं गाव तिला बाय म्हणायचं, म्हणून मीही. जेवायची अशी की बघत राहावं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, वर भात. तासाभरात पुन्हा डबे उघडायची. तरी चोळीची बाही दंडावर लोंबायची. आणि मी साताऱ्याची, एका पोळीवर आलेली, दुपारी ताकावर राहणारी (असं मी सगळ्यांना सांगायचे), तरी सारखी ब्लाउजची शिवण उसवून घेत होते.

त्या वयात अक्कल बेताची आणि हेवा भरपूर. मी ठरवलं, सगळी जादू त्या भाकरीत आणि सुकटीत आहे. महिनाभर दोन्ही वेळा तेच खाल्लं. नवरा वासापायी खिडक्या उघडत फिरायचा. मी आणखी गोल झाले. बाय म्हणाली, "माजं जेवन तुज्या आंगाला लागतं. तरीच माज्या आंगाला लागत नाय."

हसली, पण भाकरी थापताना तिचे हात थरथरत होते, भाकरी फाटत होती. छाती धडधडते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. तिची आई अशीच झिजत गेलेली. आता आपली पाळी, हे बायनं मनोमन धरून ठेवलं होतं. म्हणून तर मुलीचं, सुरेखाचं, बारावीचं वर्ष अर्ध्यात सोडवून लग्न उरकायचा घाट. पोरगी रडून रडून गप्प झाली होती. "हिचं लगीन डोल्यांनी बगीन, मंग काय व्हायचं तं होऊ दे," एवढंच बायचं उत्तर.

ती एकटी जाईना, म्हणून मी सोबत दवाखान्यात गेले. आत शिरताच बायनं पंखा लावायला सांगितलं, मी बंद करायला. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. बायच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि ती गिळताना तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्हीपण घ्या एक घोट."

दोघींच्या रक्ताचे रिपोर्ट आले. गळ्यात थायरॉइड नावाची फुलपाखरासारखी ग्रंथी असते आणि शरीरानं अन्न किती वेगानं जाळायचं ते तिच्या हार्मोनवर ठरतं, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांची चूल भडकलीय. खाल्लेलं पुरत नाही, काळीजही धावतंय. तुमची मंदावलीय, म्हणून थंडी, सुस्ती, वजन."

बाय विचार करून म्हणाली, "मंग हिची नि माजी अदलाबदल कर ना."

मी मनातून खूश. म्हणजे माझा काही दोष नाही तर.

"सगळंच वजन थायरॉइडचं नसतं हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळीनं थोडं उतरेल."

"चारच्या भज्यांचं निरालं," बायनं साक्ष दिली.

पुढे कितीतरी दिवस मी भाजी घेता घेता बायकांचे गळे न्याहाळत असायचे. एवढीशी ग्रंथी, आणि कोण लठ्ठ, कोण काटकुळी, कोण आळशी ठरणार ते तिच्या हाती? आपण मात्र सगळ्यांचं ताट मोजतो.

बायनं डॉक्टरीणबाईंना शेवटी एकच विचारलं होतं, "मी जगनार का?" "गोळ्या नेमानं घ्या, तपासायला येत राहा. न जगायला काय झालं?" घरी आल्यावर ती ओट्यावर टेकली आणि सुरेखाला हाक मारून म्हणाली, "पुस्तकं भायेर कार. परीक्षा दे."

सुरेखाचं लग्न झालं ते कॉलेज संपल्यावर. तोवर बायचे दंड भरले होते. माझे होते तसेच, जरासे उतरलेले. पाठवणीला सगळ्या बायका डोळे पुसत होत्या, मीही. बाय मात्र कोरड्या डोळ्यांनी मुलीकडे बघत उभी. मला राहवेना. म्हटलं, "बाय, रड की जरा."

"रडाला आता लय टाइम हाय गो," ती म्हणाली. "आज बगून घेऊ दे."