हळद लागेपर्यंत

सरांनी आईच्या तोंडापुढचा माईक काढून घेतला. ती गातच होती. ओळ अर्ध्यावर होती. सर हॉलकडे वळून म्हणाले, "पालकहो, ताल सुटणं म्हणजे काय, हे मुलांना वर्षभर समजावतोय. आज प्रात्यक्षिकच मिळालं."

हॉल हसला. आई माझ्याकडे बघायला लागली. लोक हसतायत कशाला, हे तिला कळेना.

आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधी धवला गाऊन पार पाडणारी बाई. सुकापुरात तिच्याशिवाय हळद लागत नसे. मी नवीन पनवेलला सरांकडे शास्त्रीय गाणं शिकत होते. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमासाठी सर स्वतः आमच्या घरी आले, चहा प्यायले, "लोकसंगीताचा एक नमुना हवाय" म्हणाले. नमुना. आईने त्यासाठी ठेवणीतलं नऊवारी लुगडं काढलं, सगळं सोनं घातलं.

स्टेजवर पाटावर क्लासमधली एक मुलगी नवरी करून बसवलेली. हळदीची वाटी नाही. हळद लावणारं कोणी नाही. शेजारी सरांचं तबल्याचं मशीन, केरवा लावलेला. आठ मात्रा. पहिलीवर सम, पाचवीवर खाली, फिरून पुन्हा सम. मशीन कुणासाठी थांबत नाही. धवला थांबतो. पायांना हळद लागली की गुडघ्यांची ओळ, मग खांदे, मग कपाळ. लागली नाही तर तीच ओळ पुन्हा, लांबवून. आईने पहिली ओळ घेतली आणि नवरीच्या पायांकडे बघितलं. कोणीच वाकलं नाही. तिने तीच ओळ पुन्हा घेतली. मग पुन्हा. मशीन आपलं पुढे धावतंय.

माईक गेल्यावर ती म्हणाली, "चुकलं का वो सर? पन हलद लागली नाय. मंग पुढं कशी जाऊ?"

सरांनी ते माईकवरून हॉलला ऐकवलं. तिच्याच हेलात. "हलद लागली नाय!" लोक पोट धरून हसले. पहिल्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "जमिनी विकून सोनं घालता येतं गं. सूर कुठून आणणार?" कुजबूज नव्हती ती. आम्हाला ऐकू यावं म्हणूनच म्हटलेलं.

मग सरांनी मला स्टेजवर बोलावलं. "नाद आणि गोंगाट, फरक सांग. आईंना समजेल असा."

नियमित कंपनांचा, कानाला गोड लागणारा तो नाद. अनियमित तो गोंगाट. तोंडपाठ होतं मला. आईच्या तोंडावर फेकायचंच काय ते बाकी होतं. आणि आई मान हलवत होती, सांग म्हणून. पोरीला येतं याचं तिला त्या क्षणीही कौतुक होतं. ते बघून माझं डोकं फिरलं.

मी मशीनचं बटण बंद केलं.

"नाही सांगणार."

"येत नाही?"

"येतं. पण हिला गोंगाट म्हणणार नाही. हळद न ठेवता हळदीचं गाणं मागितलंत. चूक तुमची आहे."

सर हसले. "बघा. याला संस्कार लागतात."

मी आईचा हात धरून खाली उतरले. माझ्या एकाही मैत्रिणीने मान वर केली नाही.

रिक्षात आई मलाच बोलली. "उलटं बोलतंस गुरूला? माफी माग. आमी अडानी, तू तरी शिक."

मी माफी मागितली नाही. आईने पुन्हा धवला गायला नाही. लग्नघरातून बोलावणं आलं की गुडघे दुखतात म्हणून सांगते. गुडघे ठणठणीत आहेत. तिच्याऐवजी आता डीजे येतो.

मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला. कसला तरी महोत्सव आहे. "आईंना तयार कर. थोडं सुधारून घेऊ आपण."

मी म्हटलं, "आई गात नाही. तिचं गाणं तुम्ही मारलंत. आता हे मी घरोघरी सांगणार आहे, तुमचं नाव घेऊन."

काल करंजाड्यात एका घरी गेले. त्यांची मुलगी नुकतीच सरांकडे लागली आहे. सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

उद्या शेजारचं दार वाजवणार आहे.